हाड सुजतं, पण जंतू सापडत नाही

मुलाचं हाड दुखायला लागलं की आपल्याकडे कारणं तयार असतात. घरातली म्हातारी माणसं म्हणतात, वाढीचं अंग आहे, दुखायचंच. शेजारी म्हणतात, खेळताना कुठे आपटलं असेल, मुलं सांगत नाहीत. कुणी हाडवैद्याकडे नेऊन चोळून आणायला सांगतं. दवाखान्यात गेलं, तर तिथे आम्हा डॉक्टरांचीही कारणं तयार असतात : जंतुसंसर्ग, हाडाचा टीबी आणि आपल्या नंदुरबार जिल्ह्यात सिकलसेल. यांतलं कुठलं ना कुठलं कारण पुष्कळदा खरंही ठरतं, म्हणूनच ते पटकन तोंडावर येतं. पण काही थोडी मुलं अशी असतात, की यांतलं एकही कारण त्यांना लागू पडत नाही. हाड सुजतं, दुखतं, एक्स-रेमध्ये खराब झालेलं दिसतं. पण कितीही शोधलं तरी जंतू सापडत नाही. कारण तिथे जंतू नसतोच. आज या मुलांबद्दल बोलायचं आहे.

या आजाराचं वैद्यकातलं नाव लांबलचक आहे : क्रॉनिक नॉनबॅक्टेरियल ऑस्टिओमायलायटिस. आमच्या बोलण्यात त्याला सीएनओ म्हणतात. मराठीत सांगायचं तर हाडाचा दीर्घकाळ चालणारा, जंतूंशिवायचा दाह. एकाच मुलाच्या अनेक हाडांत तो होतो आणि पुन्हा पुन्हा उलटतो, तेव्हा त्याला सीआरएमओ असंही नाव आहे. नावं लक्षात राहिली नाहीत तरी चालेल. एवढंच लक्षात ठेवू या, की जंतूंशिवायही हाड सुजू शकतं.

मी बालरोगतज्ज्ञ आहे आणि मूळचा सारंगखेड्याचा. त्यामुळे उदाहरण घ्यायचं तर आपल्या तापीकाठचंच घेतो. दहा वर्षांची एक मुलगी डोळ्यांसमोर आणा. ही कुणा एकीची हकिगत नाही. अशा मुलांच्या हकिगती साधारण ज्या वळणाने जातात, ते वळण तेवढं मी तिच्या रूपाने सांगतो आहे. वडिलांची कापसाची आणि पपईची शेती. मुलगी शाळेत जाते, अभ्यासात बरी, खेळण्यात पुढे. हिवाळ्यात तिचा डावा पाय घोट्याच्या वर दुखू लागतो. दिवसा कमी, रात्री जास्त. आई दवाखान्यात येऊन अहिराणीत सांगते, ‘‘साहेब, आंडेरना पाय रातले भलता दुखस.’’ एक्स-रे काढला जातो, त्यात काही दिसत नाही. पाच दिवसांच्या गोळ्या दिल्या जातात. दुखणं ओसरतं. सगळे विसरतात.

दोन-अडीच महिन्यांनी गळ्याखालचं हाड, ज्याला आपण गळपट्टीचं हाड म्हणतो, ते छातीच्या बाजूला फुगतं. हात लावू देत नाही. आता दुसरे डॉक्टर. त्यांना वाटतं पू झाला असावा. अँटिबायोटिकची इंजेक्शनं सुरू होतात. तीन आठवड्यांत सूज उतरते. म्हणजे जंतूच होते, असं सगळ्यांना वाटतं. पावसाळ्यात पुन्हा तोच डावा पाय. या वेळी एक्स-रेमध्ये हाडाच्या टोकाशी पोकळ डाग आणि भोवती हाड जाड झालेलं दिसतं. आता कुणीतरी टीबीचं नाव काढतं. घरात रडारड सुरू होते. आजी म्हणते, आपल्या घराण्यात हे कधी नव्हतं. वडिलांच्या हातात कॅरीबॅगभर कागद असतात : तीन ठिकाणचे, तीन नावांचे. आणि त्यांचा प्रश्न असतो, ‘‘डॉक्टरसाहेब, नेमकं झालंय काय?’’

या प्रश्नाचं उत्तर द्यायला इतका वेळ का लागतो? पहिलं कारण आजाराच्या स्वभावातच आहे. हा आजार येतो आणि जातो. काही आठवडे दुखतं, मग आपोआप ओसरतं, मग दुसऱ्याच ठिकाणी उगवतं. ज्याचं औषध चालू असताना दुखणं ओसरलं, त्याच्या पदरात यश पडतं. अँटिबायोटिक चालू असेल तर अँटिबायोटिकला, प्लास्टर घातलं असेल तर प्लास्टरला, हाडवैद्याने चोळलं असेल तर हाडवैद्याला. खरं तर आजार आपल्या गतीने खाली आलेला असतो. पण ‘गुण आला’ म्हटलं की रोगाचं नावही पक्कं झालं, असं आपण धरून चालतो. पुढच्या वेळी पुन्हा तेच औषध, जरा जास्त दिवस. यात महिने जातात. काही मुलांची वर्ष-दोन वर्षंही जातात.

दुसरं कारण असं, की या आजाराची खूण सांगणारी एकही तपासणी नाही. मलेरियाचा जंतू काचेवर दिसतो. सिकलसेलला रक्ताची तपासणी आहे. सीएनओला तसं काही नाही. इथे निदान करायचं ते वजाबाकीने. हे नाही, ते नाही, तेही नाही, असं एकेक बाजूला सारत जायचं आणि उरेल त्याचं रूप या आजाराशी जुळतं का, ते पाहायचं. वजाबाकीत एक आकडा चुकला तर उत्तर चुकतं. म्हणून इथे घाईने नाव देणं जितकं वाईट, तितकंच वजाबाकी अर्धवट सोडणंही वाईट.

आता हाडाच्या आत काय होतं ते थोडक्यात पाहू. आपल्या शरीरात रोगप्रतिकाराची यंत्रणा असते. तिच्यातली सगळ्यांत जुनी, जन्मजात शाखा म्हणजे गावचा जागल्या. परका दिसला की आरोळी ठोकायची, माणसं गोळा करायची, हे त्याचं काम. जंतू हाडात शिरला तर ही आरोळी जीव वाचवते. पण समजा, चोर नसतानाच जागल्या ओरडत सुटला, तर? माणसं काठ्या घेऊन धावणार, अंधारात आपल्याच घरांची मोडतोड करणार. सीएनओमध्ये असंच घडतं. दाह वाढवणारी रसायनं जास्त सुटतात आणि त्याला आवर घालणारी कमी पडतात. हाड खाणाऱ्या पेशी नेहमीपेक्षा जास्त कामाला लागतात. हाड एकीकडे झिजतं, दुसरीकडे दुरुस्तीच्या नादात जाड होतं. हा सांसर्गिक रोग नाही. एका ताटात जेवल्याने, एका बाकावर बसल्याने तो होत नाही. आईवडिलांच्या कुठल्या चुकीनेही होत नाही. फार थोड्या मुलांत तो घराण्यातून आलेल्या जनुकीय दोषाने होतो. अशा मुलांत तो बहुधा अगदी लहानपणी सुरू होतो आणि सोबत त्वचेचे किंवा रक्ताचे विकार असतात. बाकीच्यांत नेमकं काय ठिणगी टाकतं, हे वैद्यकाला अजून उलगडलेलं नाही.

आजार नवा नाही. त्याची ओळख मात्र त्यामानाने अलीकडची. १९७२ मध्ये झुरिचचे बालक्ष-किरणतज्ज्ञ आंद्रेस गीडिऑन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी काही मुलांचं वर्णन प्रसिद्ध केलं. हाडांना सूज, अनेक ठिकाणी, बऱ्याचदा दोन्ही बाजूंना सारखी, आणि जंतूंचा पत्ता नाही, असं ते चित्र होतं. पुढे जगभरातून अशी मुलं नोंदली गेली. जर्मनीत झालेल्या एका पाहणीत दर लाख मुलांमागे वर्षाला साधारण ०.४ मुलांना नव्याने हा आजार होतो, असं दिसलं. म्हणजे दुर्मीळ खराच. पण त्या पाहणीलाही तीच मुलं सापडली, ज्यांचं निदान झालं होतं. टीबी किंवा जुनाट संसर्ग म्हणून ज्यांच्यावर उपचार चालले आहेत, ती या हिशेबात कुठून येणार?

हा आजार साधारण ७ ते १२ वर्षांच्या वयात जास्त दिसतो. मुलग्यांपेक्षा मुलींत अधिक. आवडीच्या जागा ठरलेल्या आहेत : नडगीच्या आणि मांडीच्या हाडांची टोकं, जिथे वाढ चालू असते ती जागा, गळपट्टीचं हाड, कमरेची हाडं, पाठीचे मणके, कधी खालचा जबडा. गळपट्टीच्या हाडाचं मी मुद्दाम सांगतो. मुलांमध्ये जंतुसंसर्ग त्या हाडात क्वचित होतो. तेव्हा मार न लागता मुलाच्या गळपट्टीच्या हाडाची छातीकडची बाजू फुगली, तर डॉक्टरांच्या मनात सीएनओचं नाव यायला हवं.

आता आपल्या भागातली वजाबाकी. नंदुरबार जिल्ह्यात हाड दुखणाऱ्या मुलाला पाहताना कोणती नावं बाजूला सारायची आणि कशी, ते क्रमाने सांगतो.

सर्वांत आधी साधा जंतुसंसर्ग. यात मुलाला बहुधा जोराचा ताप येतो, एक-दोन दिवसांत दुखणं वाढतं, मूल तो हात किंवा पाय हलवू देत नाही, आजारी दिसतं. ही तातडीची गोष्ट आहे. अशा वेळी ‘जंतूंशिवायचा दाह असेल’ म्हणत थांबायचं नसतं. त्याच दिवशी दवाखाना गाठायचा. सीएनओचं मूल वेगळं असतं. ताप नसतो किंवा किरकोळ असतो. मूल लंगडतं, पण जेवतं, हसतं, शाळेत जातं. जखम होऊन पू वाहत राहणंही यात सहसा होत नाही.

दुसरं नाव रक्ताच्या कर्करोगाचं, म्हणजे ल्युकेमियाचं. हे नाव घ्यायला कुणाला आवडत नाही. पण लहान मुलांत ल्युकेमियाची सुरुवात कधीकधी फक्त हाडं दुखण्याने होते. सोबत फिकेपणा, वारंवार ताप, वजन घटणं, अंगावर निळे-लाल डाग, मानेत किंवा काखेत गाठी असतील तर संशय वाढतो. रक्ताची पूर्ण तपासणी आणि काचेवर रक्त पसरून अनुभवी डोळ्यांनी पाहणं, ही पहिली पायरी. शंका राहिली तर हाडातल्या मगजाची तपासणी. इथे एक गोष्ट कळकळीने सांगतो. निदान होण्याआधी अशा मुलाला स्टिरॉइड देऊ नये. स्टिरॉइडने ल्युकेमियातलं दुखणंही काही आठवडे दबतं, रक्तातल्या खुणा पुसट होतात, निदान लांबतं आणि पुढचा उपचार अवघड होतो. चिठ्ठीवर नाव न लिहिता दिलेल्या गोळ्या, सांधेदुखीच्या बिननावाच्या पुड्या यांत काय असतं, हे देणाऱ्यालाच माहीत. मुलाला असं काही देऊ नका. दिलं गेलंच असेल, तर पुढच्या डॉक्टरांना न लाजता सांगा. त्यांना ते कळणं फार गरजेचं असतं.

तिसरं नाव आपल्या जिल्ह्याचं, सिकलसेल. भिल्ल, पावरा आणि इतर आदिवासी समाजांत हा आजार आहे, हे आपल्याला आता ठाऊक झालं आहे. २०२३ च्या जुलैत देशपातळीवर सिकलसेल निर्मूलनाची मोहीम सुरू झाली. तिच्यात चाळिशीपर्यंतच्या ७ कोटी लोकांची तपासणी करण्याचं उद्दिष्ट ठेवलं गेलं. या आजारात रक्तातल्या तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकतात, बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात आणि हाडाचा रक्तपुरवठा तुटतो. वेदना भयंकर असतात. शिवाय अशा मुलांच्या हाडात जंतुसंसर्गही सहज होतो. म्हणून आपल्याकडे हाड दुखणाऱ्या मुलाची सिकल तपासणी झालेली नसेल तर ती आधी व्हायला हवी. सुरुवातीची सोल्युबिलिटी तपासणी सोपी आणि स्वस्त आहे. ती दोषी आली तर इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी करून मूल रोगी आहे की फक्त वाहक, हे ठरवायचं.

या ठिकाणी एक गफलत होते. वाहक म्हणजे ज्याला आई किंवा वडील यांपैकी एकाकडूनच सिकलचं जनुक आलेलं आहे, असं मूल. असं मूल एरवी निरोगी असतं. वाहक असल्यामुळे त्याची हाडं महिनोन्‌महिने दुखत नाहीत. पण कार्डावर सिकलचा शब्द दिसला की घरचे म्हणतात, आहेच त्याला सिकल, म्हणून दुखतं. कधी दवाखान्यातही शोध तिथेच थांबतो. वाहक मुलाचं हाड सुजलं असेल, तर त्याचं कारण दुसरीकडे शोधायला हवं, हे ध्यानात ठेवा.

चौथं नाव टीबी. आपल्या देशात हा रोग इतका आहे, की हाडाच्या जुनाट दुखण्यात तो मनात यावा हे योग्यच. टीबी फुप्फुसातच होतो असं नाही. मणके, खुबा, गुडघा, बोटांची हाडंसुद्धा तो धरतो. पण ‘असेल’ आणि ‘आहे’ यांत अंतर आहे. हाडाच्या टीबीचा उपचार वर्षभर किंवा त्याहूनही जास्त चालतो आणि त्या औषधांचा यकृतावर परिणाम होऊ शकतो, म्हणून लक्ष ठेवावं लागतं. शक्य तिथे हाडातला नमुना घेऊन त्यात टीबीचा जंतू शोधावा. सीबीनॅट तपासणीने काही तासांतच उत्तर मिळू शकतं, कल्चरला काही आठवडे लागतात. टीबीच ठरला तर औषध एक दिवसही चुकवू नये. पण पुरावा नसताना वर्षभराचं औषध सुरू झालं, आणि मधेच आजार आपणहून ओसरला, तर टीबी बरा झाला असा गैरसमज पक्का होतो आणि पुढचा उठाव झाला की ‘औषध लागू पडेना असा टीबी’ म्हणून आणखी जड औषधांकडे वाट वळते. सीएनओच्या मुलाची ही सगळ्यांत मोठी फरफट.

याशिवाय हाडाच्या गाठी आहेत, त्यांत कर्करोगाच्याही. एकाच हाडात डाग असेल, दुखणं सतत वाढत असेल, तर त्या बाजूला सारल्याशिवाय पुढे जाता येत नाही.

आणि ‘वाढीचं दुखणं’? तेही असतं. पण त्याचे नियम आहेत. ते बहुतेक वेळा दोन्ही पायांत असतं, संध्याकाळी किंवा रात्री येतं, सकाळी नाव नसतं. मूल दिवसभर हुंदडतं. दाबून पाहिलं तर दुखत नाही, सूज नसते, लंगडणं नसतं. एकाच जागी बोट ठेवून मूल ‘इथे दुखतं’ म्हणत असेल, सकाळीही लंगडत असेल, तर ते वाढीचं दुखणं म्हणून सोडून देऊ नका.

आता वजाबाकीनंतरची बेरीज, म्हणजे या आजाराच्या बाजूचा पुरावा गोळा करणं. इथे मला आमच्या सारंगखेड्याच्या घोडेबाजाराची आठवण होते. दत्तजयंतीला एकमुखी दत्ताची यात्रा भरते, दूरदूरच्या मुलखातून घोडे येतात. जाणता गिऱ्हाईक घोड्याचा एकच पाय पाहून सौदा करत नाही. दात पाहतो, चारही पायांवरून हात फिरवतो, चालवून पाहतो, पळवून पाहतो, वळवून पाहतो. लंगडणाऱ्या मुलाला पाहतानाही हीच जाण हवी. पाय दुखतो म्हणून फक्त पाय पाहायचा नाही. गळपट्टीची दोन्ही हाडं दाबून पाहायची. पाठीचा एकेक मणका ठोकून पाहायचा. दुसरा पाय, कंबर, जबडा पाहायचा. तळहात-तळपायांवर पुवाळलेल्या बारीक पुळ्या येतात का, सोरायसिसचे खवले आहेत का, पोट वारंवार बिघडतं का, शौचातून रक्त जातं का, हे विचारायचं. हाडांच्या या दाहाबरोबर त्वचेचे आणि आतड्यांचे दाह काही मुलांत हातात हात घालून येतात. आईला वाटतं, पायाच्या डॉक्टरांना पोटाचं कशाला सांगायचं? सांगायला हवं.

रक्ताच्या तपासणीत दाहाची मोजमापं, म्हणजे ईएसआर आणि सीआरपी, थोडी वाढलेली असतात. कधी अगदी नॉर्मल येतात. ‘रक्त चांगलं आहे, म्हणजे काही नाही’ असा त्याचा अर्थ होत नाही. साध्या एक्स-रेमध्येही सुरुवातीला काही दिसत नाही, हे आपण त्या मुलीच्या बाबतीत पाहिलंच. खरा प्रकाश पडतो तो एमआरआयमध्ये, आणि तोही दुखऱ्या भागाचा नव्हे, तर संपूर्ण शरीराचा. यात क्ष-किरण नसतात. मुलाला अर्ध्या-पाऊण तासाहून अधिक वेळ न हलता पडून राहावं लागतं, एवढाच त्रास. जिथे मूल कधीच दुखतं म्हणालं नाही, अशा हाडांतही दाहाचे ठिपके त्यात उजळून दिसतात. त्यांत मणके असतील तर ते कळणं फार महत्त्वाचं, कारण न दुखता मणका दबून पाठीला बाक येऊ शकतो. एका जागचं दुखणं घेऊन आलेल्या मुलाच्या सात-आठ हाडांत सारखेच ठिपके सापडले, गळपट्टीचं हाड त्यांत असलं आणि मूल एरवी धट्टंकट्टं असलं, तर चित्र बरंच स्पष्ट होतं. संपूर्ण शरीराच्या एमआरआयची सोय नसेल, तर हाडांचा आयसोटोप स्कॅन हा दुसरा मार्ग आहे.

मग प्रश्न येतो हाडाचा तुकडा काढून तपासण्याचा, म्हणजे बायॉप्सीचा. पालक या शब्दाने हादरतात. काहींना वाटतं, सुरी लावली की रोग पसरतो. तसं होत नाही. प्रत्येक मुलाची बायॉप्सी लागतेच असं नाही. चित्र नमुनेदार असेल, तर अनुभवी तज्ज्ञ ती टाळतात. पण एकाच ठिकाणी डाग असेल, जागा नेहमीची नसेल, ताप असेल, वजन घटत असेल किंवा रक्तात शंका असेल, तर ती करावी. यात सीएनओ सिद्ध होत नाही. तुकड्यात दाहाच्या पेशी दिसतात, एवढंच. पण जंतू, टीबी आणि कर्करोग नाहीत, हे भक्कमपणे कळतं.

बायॉप्सी ठरलीच, तर एक बारीक पण मोलाची गोष्ट. तुकडा पेशी पाहण्यासाठी फॉर्मॅलिनच्या बाटलीत टाकतात. फॉर्मॅलिनमध्ये जंतू मरतात. सगळा तुकडा त्याच बाटलीत गेला, तर कल्चर करता येत नाही. ‘जंतू सापडले नाहीत’ या वाक्याला मग काही किंमत उरत नाही, कारण ते नीट शोधलेच गेले नाहीत. म्हणून नमुना दोन वाटांनी जायला हवा : एक फॉर्मॅलिनमध्ये पेशींसाठी, दुसरा फॉर्मॅलिनशिवाय साध्या आणि टीबीच्या कल्चरसाठी. तसंच नुकतंच अँटिबायोटिक चालू असेल, तर जंतू असूनही कल्चर कोरं येऊ शकतं. हे शस्त्रक्रियेच्या आधी डॉक्टरांशी बोलून घ्यावं. पालकांनी विचारलं, तर कुठलाही चांगला डॉक्टर रागावत नाही.

२०२५ साली युरोप आणि अमेरिकेतल्या संधिवाततज्ज्ञांच्या संघटनांनी मिळून मुलांमधल्या या आजारासाठी निकष प्रसिद्ध केले. किती हाडं, कोणती हाडं, वय, इतर लक्षणं यांना त्यांत गुण दिलेले आहेत. पण हे निकष मुख्यतः संशोधनात सारखी मुलं निवडता यावीत म्हणून आहेत. आणि त्यांचीही पहिली अट हीच, की इतर रोग आधी बाजूला सारलेले असावेत. वजाबाकी चुकलेली नाही ना, हे शेवटी डॉक्टरलाच पाहावं लागतं.

निदान झालं की पुढे काय? दिलासा देणारी गोष्ट म्हणजे हा कर्करोग नाही आणि बहुतेक मुलं चांगली हिंडू-फिरू लागतात. सुरुवात बहुधा नॅप्रोक्सेनसारख्या दाहशामक गोळ्यांनी होते. त्या तज्ज्ञांच्या देखरेखीखाली, वजनानुसार, पोट आणि मूत्रपिंड सांभाळून घ्यायच्या असतात. स्वतःच्या मनाने नाहीत. त्यांनी भागलं नाही किंवा मणके धरले असतील, तर हाडाची झीज रोखणारं पॅमिड्रोनेटसारखं औषध शिरेतून देतात, किंवा दाहाच्या रसायनांना थेट अडवणारी नवी इंजेक्शनं वापरतात. या इंजेक्शनांनी शरीरात दबून बसलेला टीबी उसळू शकतो. म्हणून आपल्या देशात ती सुरू करण्यापूर्वी टीबीची तपासणी करतात. टीबी नाही याची खात्री किती अंगांनी कामी येते, पाहा. औषधं महिने, कधी वर्षं चालतात, आणि मधूनमधून आजार पुन्हा डोकं वर काढू शकतो. ते माहीत असलं की घाबरायला होत नाही. उपचार न करता सोडून दिलं, तर काही मुलांत मणके दबतात, एक पाय लांब एक आखूड होतो, दुखणं मोठेपणीही पाठ सोडत नाही.

सारंगखेड्याहून, शहाद्याहून, अक्कलकुव्याहून हे सगळं करायचं म्हणजे सोपं नाही, हे मला ठाऊक आहे. रक्ताच्या, सिकलच्या आणि टीबीच्या तपासण्यांची सुरुवात सरकारी रुग्णालयातून होऊ शकते. नंदुरबारला आणि धुळ्याला सरकारी वैद्यकीय महाविद्यालयं आहेत. पण मुलांच्या संधिवाताचे तज्ज्ञ प्रामुख्याने मुंबई-पुण्यासारख्या मोठ्या शहरांत भेटतात. तिथवर एकदा जाणं म्हणजे दोन-तीन दिवसांची मजुरी आणि भाडं. म्हणून ती फेरी वाया जाऊ नये, एवढं तरी आपल्या हातात आहे. त्यासाठी खर्च नाही, फक्त शिस्त लागते.

सगळे कागद तारखेच्या क्रमाने एका फाइलीत लावा. एक्स-रेच्या फिल्मा फेकू नका. जुनी फिल्म आणि नवी फिल्म शेजारी ठेवल्यावर जे दिसतं, ते एकटीत दिसत नाही. शाळेची एक शंभर पानी वही घ्या. कोणत्या तारखेला कुठलं हाड दुखलं, ताप होता का, कोणतं औषध कधी सुरू झालं, कधी थांबलं आणि दुखणं कधी ओसरलं, हे लिहा. मूल दहा वर्षांचं असेल तर त्यालाच लिहू द्या. अशा वहीत कधीकधी स्पष्ट दिसतं, की दुखणं औषध सुरू व्हायच्या आधीच उतरायला लागलं होतं. सुजलेल्या जागेचा मोबाइलवर फोटो काढून ठेवा, कारण तज्ज्ञांकडे पोचेपर्यंत सूज उतरलेली असते.

आणि प्रश्न थोडा बदला. आपण डॉक्टरांना विचारतो, औषध कोणतं? हाड दुखणाऱ्या मुलाच्या बाबतीत विचारा, ‘‘काय काय नाही याची खात्री झाली, आणि काय पाहायचं राहिलं?’’ ल्युकेमिया पाहिला का, सिकल पाहिलं का, टीबीचा पुरावा मिळाला की अंदाज आहे, एवढं विचारलं तरी मुलाची अर्धी फरफट वाचते. चार-सहा आठवड्यांहून जास्त टिकणारं, रात्री झोपेतून उठवणारं, एकाच जागी बोट ठेवून दाखवता येणारं किंवा जागा बदलत पुन्हा पुन्हा येणारं हाडाचं दुखणं घरगुती इलाजावर सोडू नका. त्यातली बहुतेक मुलं साध्याच कारणाची निघतील, आणि ते बरंच आहे. पण एखादीच्या फाइलीवर तीन ठिकाणची तीन चुकीची नावं असतील, तर ती खोडून चौथं खरं नाव लिहिलं जाईल. बाकीच्या मुली अंगणात लंगडी खेळत असताना तिला नुसतंच बसून पाहावं लागू नये, यासाठी ते लवकर लिहिलं गेलं पाहिजे.

(आकाशवाणीवरील भाषणावरून संपादित)